'केंट' जहाजाची कथा : विजयदुर्ग ते चंद्रनगर

इतिहासाच्या पुस्तकांत राजांची, सेनापतींची आणि लढायांची नावे असतात. ज्या साधनांनी त्या लढाया जिंकल्या गेल्या त्या साधनांबद्दल मात्र आपण सहसा विचार करीत नाही. अठराव्या शतकात इंग्रजांनी हिंदुस्थानात जे मिळविले त्याच्या मुळाशी त्यांची शिडांची लढाऊ जहाजे होती. अशा एका जहाजाची हकीकत या लेखात सांगावयाची आहे. 'केंट' हे त्याचे नाव. इंग्लंडमध्ये बांधलेले हे जहाज आपल्या घाटाखाली विजयदुर्गाला आले, त्याच्या डोळ्यांदेखत आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि पुढच्याच वर्षी ते बंगालच्या भाग्याच्या लढाईत उतरले. एकाच जहाजाच्या आयुष्यात महाराष्ट्र आणि बंगाल या दोन्ही प्रांतांची दैवे गुंतलेली आहेत.

निपाणीच्या वाचकाला हा विषय लांबचा वाटण्याचे कारण नाही. आपल्या गावातून निघणारा एक रस्ता मुधाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर असा करीत फोंडाघाट उतरतो आणि देवगडला समुद्राला मिळतो. विजयदुर्ग त्याच देवगड तालुक्यात आहे. घाटावरचा माल आणि बंदरावरचा माल यांची देवाणघेवाण सह्याद्रीच्या अशाच घाटांतून होत आली आहे. तेव्हा बंदर कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न जितका कोळ्या-खारव्यांचा तितकाच घाटावरच्या व्यापाऱ्याचाही होता.

लढाऊ जहाज म्हणजे काय?

'केंट' हे १७४६ साली लंडनजवळ डेटफर्ड येथील सरकारी गोदीत बांधून पाण्यात सोडले गेले. इंग्रजी आरमारात जहाजांची प्रतवारी त्यांच्या तोफांवरून होत असे. सहा प्रतींपैकी 'केंट' तिसऱ्या प्रतीचे, म्हणजे चौसष्ट ते सत्तर तोफांच्या वर्गातले. पहिल्या दोन प्रतींची जहाजे फार अवजड व खर्चिक असल्यामुळे ती बहुधा युरोपच्याच समुद्रात ठेवीत. दूरदेशी पाठवावयाची मोठी जहाजे म्हणजे तिसऱ्या-चौथ्या प्रतीची.

अशा जहाजाची लांबी सुमारे दीडशे फूट असे. त्याला तीन डोलकाठ्या असत आणि प्रत्येक डोलकाठीवर एकावर एक अशी आडवी शिडे. पोटात दोन मजल्यांवर दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा. खालच्या मजल्यावर सर्वांत जड तोफा ठेवीत, कारण वजन जितके खाली तितके जहाज स्थिर. 'केंट'च्या खालच्या मजल्यावर ३२ पौंडी तोफा होत्या. ३२ पौंडी म्हणजे जिचा एकेक लोखंडी गोळा सुमारे साडेचौदा किलो भरतो ती तोफ. तिचे स्वतःचे वजन अडीच टनांहून अधिक. वरच्या मजल्यावर १८ पौंडी व त्याहून वर लहान तोफा. एवढा सरंजाम चालविण्यास चारशे-पाचशे माणसे लागत. शिडे चढविणारे खलाशी, गोलंदाज, सुतार, शिडे शिवणारे, शल्यवैद्य, बंदूकधारी शिपाई आणि बारा-चौदा वर्षांची शिकाऊ पोरे, असे हे एक तरंगते गावच.

या जहाजाचे बळ त्याच्या कुशीत असे. तोंडाशी किंवा पाठीमागे त्याला फारशा तोफा नसत. म्हणून अशी जहाजे एकामागे एक ओळीने चालत आणि शत्रूला कूस दाखवून एकदम मारा करीत. एका बाजूच्या तीसेक तोफा एकावेळी सुटल्या म्हणजे जमिनीवरच्या एखाद्या मोठ्या फौजेच्या तोफखान्याइतका मारा होई. दख्खनच्या रस्त्यांवरून अडीच टनांची एक तोफ न्यावयाची तर बैलांच्या कितीतरी जोड्या लागत आणि पावसाळ्यात ती चिखलात रुतून बसे. समुद्रावरून तशा पंचवीस तोफा वाऱ्याच्या बळावर आयत्या किल्ल्याच्या तटापाशी येत. शिडाच्या लढाऊ जहाजाचे सारे महत्त्व या एका हिशेबात आहे.

त्याची दुर्बळताही सांगितली पाहिजे. त्याला खोल पाणी लागे. वारा पडला की ते लाकडाच्या ओंडक्यासारखे जागच्या जागी राही. शिवाय ते ओक लाकडाचे असल्यामुळे उष्ण समुद्रातील किडा त्याच्या बुडाची चाळण करी. बुडाला तांब्याचा पत्रा मारण्याची रीत 'केंट'च्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी रूढ झाली. म्हणून दूरच्या समुद्रात जहाज कोरडे करून दुरुस्त करण्याची सोय नसेल तर आरमार दोन-तीन वर्षांत निकामी होई. मुंबईला १७५० साली कोरडी गोदी तयार झाली आणि ही सोय पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना मिळाली. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराने मुंबईच्या जहाजबांधणीचा पाया घातला. विजयदुर्गावर चालून जाणाऱ्या आरमाराचे बळ काही अंशी मुंबईतील हिंदी कारागिरांच्या हातांत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

'केंट'ची सुरुवात काही फार गौरवाची नव्हती. १७४७ च्या ऑक्टोबरात स्पेनच्या किनाऱ्याजवळ फिनिस्टर भूशिरापाशी इंग्रज व फ्रेंच आरमारांची लढाई झाली. तीत 'केंट'चा कप्तान फॉक्स याने कसूर केल्याचा आरोप होऊन त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि त्याला जहाजावरून काढण्यात आले. १७५४ साली ॲडमिरल चार्ल्स वॉटसन याने हेच जहाज आपले निशाणाचे जहाज म्हणून घेतले आणि तो हिंदुस्थानाकडे निघाला. फ्रेंचांशी लढाई जुंपेल म्हणून त्याला पाठविले होते. पण मद्रासकडे तात्पुरता तह झाला आणि एवढे मोठे आरमार हाताला काम नसलेले राहिले. ते काम मुंबईकरांनी दिले.

आंग्र्यांचे आरमार

कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले तोपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या सर्वांना पुरून उरले होते. १७२० मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर स्वारी केली. त्यासाठी 'फ्राम' नावाचा तोफांचा तरंगता बुरूजच त्यांनी बांधून आणला होता, पण उपयोग झाला नाही. १७२४ मध्ये डचांनीही हात पोळून घेतले. १७३५ साली संभाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे 'डर्बी' हे मोठे व्यापारी जहाज मालासकट पकडले. संभाजीनंतर विजयदुर्ग तुळाजीकडे आला आणि १७४९ साली तुळाजीने कंपनीचे 'रिस्टोरेशन' हे लढाऊ जहाज पाडाव करून आपल्या बंदरात आणून बांधले. या जहाजाचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

इंग्रजी पुस्तकांत आंग्र्यांना सरसकट चाचे म्हटलेले आढळते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हा शब्द थोडा तपासून घ्यावा. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने आपला दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा व त्याची फी भरावी, न घेतल्यास जहाज धरले जाईल, असा आंग्र्यांचा दंडक होता. पोर्तुगीज तर हाच दंडक त्यांच्या आधी दोनशे वर्षे चालवीत होते आणि त्याला 'कार्ताझ' म्हणत. इंग्रजही आपले परवाने हिंदी व्यापाऱ्यांना विकत. तेव्हा भांडण चोर आणि साव यांच्यातले नव्हते. या पाण्यावर जकात बसविण्याचा अधिकार कोणाचा, हे ते भांडण होते. आंग्र्यांपासून आपला व्यापार सांभाळण्यासाठी कंपनीला दरसाल सुमारे ५० हजार पौंड खर्च येई, असे त्या काळचा इंग्रज इतिहासकार ओर्म लिहितो. व्यापाराच्या भाषेत सांगावयाचे तर हा कायमचा आस्थापना खर्च होता आणि तो एकदाच भांडवल घालून बंद करण्याची संधी कंपनी शोधीत होती.

आंग्र्यांची जहाजे 'केंट'सारखी नव्हती. त्यांच्या आरमारात मुख्यतः गुराबा आणि गलबते. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, रुंद व उथळ बुडाची. मोठी गुराब तीनशे टनांपर्यंत असे. तिची नाळ लांब पुढे आलेली असे आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा हे तिचे मुख्य हत्यार. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. त्याला तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढून नेत. शत्रूच्या जहाजाच्या पाठीमागे, म्हणजे जिकडे त्याच्या तोफा नाहीत त्या बाजूला जावयाचे, त्याच्या डोलकाठ्या व शिडे तोडावयाची आणि मग चहूबाजूंनी गलबते भिडवून तलवारी घेऊन वर चढावयाचे, अशी त्यांची रीत. 'केंट'चे बळ कुशीत तर गुराबेचे नाळेत. एकाला खोल पाणी व वारा हवा, दुसऱ्याला उथळ पाणी व वाऱ्याचा अभाव सोयीचा. उघड्या समुद्रात एकट्या-दुकट्या जहाजावर ही युक्ती वर्षानुवर्षे यशस्वी होत आली होती. विजयदुर्गाच्या खाडीत ती चालविण्याची वेळच आली नाही.

पेशव्यांचा आणि इंग्रजांचा करार

तुळाजी शूर होता, पण त्याने घरचे शत्रूही पुष्कळ करून ठेवले होते. छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणाऱ्या पेशव्यांची सत्ता तो मानीत नसे. खंडणी देत नसे, शेजारच्या मुलखावर स्वाऱ्या करी. आंग्रे घराण्यातच कुलाब्याची आणि विजयदुर्गाची अशी दोन घरे झाली होती. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीचा बंदोबस्त करावयाचे ठरविले, पण समुद्राच्या बाजूने त्याला कोंडण्याइतके आरमार त्यांच्यापाशी नव्हते. ते इंग्रजांपाशी होते. १७५५ च्या मार्च महिन्यात मुंबईकर इंग्रज आणि पेशव्यांच्या वतीने त्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांच्यामध्ये करार झाला. जमिनीवरून मराठी फौज आणि समुद्रावरून इंग्रजी जहाजे, अशी वाटणी ठरली. लगेच एप्रिलात कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. विजयदुर्ग हे खरे मर्मस्थान राहिले होते.

त्या वर्षीच्या अखेरीस वॉटसनचे आरमार मुंबईस आले. रॉबर्ट क्लाइव्ह हाही विलायतेहून फौज घेऊन तेथेच पोचला होता. आधी जेम्सला विजयदुर्गाची पाहणी करण्यासाठी पाठविले. दोरीला शिसे बांधून त्याने पाण्याची खोली मोजली आणि किल्ला ऐकला होता तितका उंच नाही व मोठी जहाजे तटाच्या माऱ्याच्या टप्प्यात जाऊ शकतात असे कळविले. इतकी वर्षे दुर्गम वाटलेल्या किल्ल्याचा निकाल या मोजणीनेच निम्मा लागला असे म्हणता येईल.

निघण्यापूर्वी मुंबईत आणखी एक बैठक झाली, ती लुटीच्या वाटणीची. किल्ला घेण्याआधीच कोणाला किती हिस्सा हे कागदावर ठरले. फौजेचा सेनापती क्लाइव्ह याला आरमाराच्या एका कप्तानाइतकाच हिस्सा ठेवल्यामुळे फौजेचे अधिकारी रुसले. तेव्हा आपल्या हिश्शातून क्लाइव्हची भरपाई करीन असे वॉटसनने सांगितले आणि पुढे क्लाइव्हने ती घेतली नाही. हे दोघांचे मन मोठे दिसते खरे. पण ज्या मराठी फौजेबरोबर करार करून ही मोहीम निघाली होती तिच्या वाट्याला काय, याचा त्या बैठकीत विचार झाला तो फक्त तिला काही मिळू नये एवढ्यापुरताच!

१२ फेब्रुवारी १७५६

७ फेब्रुवारी १७५६ रोजी आरमार मुंबईहून निघाले आणि ११ तारखेस विजयदुर्गासमोर आले. इंग्रज या स्थळाला 'घेरिया' म्हणत, ते शेजारच्या गिर्ये गावाच्या नावावरून. वॉटसन 'केंट'वर, दुसरा ॲडमिरल पोकॉक 'कंबरलंड'वर. त्याशिवाय 'टायगर', 'सॅलिसबरी', 'ब्रिजवॉटर', 'किंगफिशर' ही राजाची जहाजे, आणि 'प्रोटेक्टर' धरून कंपनीची लढाऊ जहाजे व कुलपी गोळे फेकणाऱ्या उखळी तोफांच्या नावा.

इंग्रज येण्यापूर्वीच तुळाजी किल्ल्याचा ताबा मेहुण्याकडे देऊन तहाच्या बोलण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेला होता. तो तेथेच अडकला. इंग्रजांना मात्र तह नको होता. तहाने किल्ला पेशव्यांच्या हाती गेला तर लूट जाणार, हे त्यांना दिसत होते.

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो आहोत. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहतो. रात्री त्याच्या उलट. कोकणच्या किनाऱ्यावर हे घड्याळासारखे चालते. १२ तारखेच्या दुपारी खारे वारे सुटल्यावर आरमार दोन रांगा करून खाडीच्या मुखात शिरले. किल्ल्याकडच्या रांगेत मोठी जहाजे, पलीकडच्या रांगेत लहान. मोठ्या जहाजांनी नांगर टाकून किल्ल्याला कूस दिली आणि मारा सुरू केला. किल्ल्यावरूनही तोफा सुटत होत्या. पण दोन मजली जहाजांच्या शेदीडशे तोफा एकदम बोलू लागल्यावर तटावरच्या गोलंदाजांना तोफेपाशी उभे राहणेच कठीण झाले.

तुळाजीची जहाजे किल्ल्याच्या आडोशाला खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेली होती. वारा खाडीच्या आत वाहत होता आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी इंग्रजी रांग उभी होती. चार वाजल्यानंतर एक कुलपी गोळा त्या जहाजांत पडला. तो पडला नेमका 'रिस्टोरेशन'वर, म्हणजे सात वर्षांपूर्वी इंग्रजांपासूनच जिंकून आणलेल्या जहाजावर! त्याने पेट घेतला. त्याच्यावरून आग शेजारच्या गुराबेवर गेली आणि तेथून पुढच्या. डांबर, ताग, कोरडे सागवान आणि शिडाचे कापड हेच ज्या वस्तूचे घटक, ती पेटण्यास किती वेळ लागणार? गुराबा, साठाच्या घरातली गलबते, गोदीत अर्धवट बांधून असलेली जहाजे, सगळे काही तासांत जळून गेले. कान्होजींपासून अर्धशतकाहून अधिक काळ जमवीत आणलेले ते आरमार एका संध्याकाळी नाहीसे झाले.

रात्री क्लाइव्हने फौज किनाऱ्यावर उतरवून किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधली जागा धरली. उद्देश हा की किल्ल्याने मराठ्यांना शरण जाऊ नये. १३ तारखेस पुन्हा मारा झाला आणि संध्याकाळी किल्ल्यावर पांढरे निशाण लागले. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून जेमतेम वीस. किल्ल्यात दोनशेहून अधिक तोफा, भरपूर दारूगोळा आणि रोकड व जिन्नस मिळून सुमारे १ लाख २० हजार पौंडांची, म्हणजे त्या वेळचे दहा लाख रुपयांच्या आसपासची लूट मिळाली. ती ठरल्याप्रमाणे पकडणाऱ्यांनी आपसांत वाटून घेतली.

वॉटसनच्या जहाजावर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा शल्यवैद्य होता. त्याने पुढे आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. तुळाजीची आई, बायका व मुले किल्ल्यात सापडली. त्यांना भेटण्यास वॉटसन गेला तेव्हा त्या स्त्रियांनी आपले कोणी उरले नाही म्हणून आकांत केला. सहा वर्षांच्या एका मुलाने ॲडमिरलचा हात धरला आणि आता तुम्हीच माझे वडील, असे तो रडत म्हणाला. तेव्हा वॉटसनलाही डोळे पुसण्यासाठी तोंड फिरवावे लागले, असे आइव्ह्ज लिहितो. तुळाजी मात्र पुन्हा सुटला नाही. त्याचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

करार करूनही किल्ला पेशव्यांच्या हाती देण्यास इंग्रजांनी आठ महिने लावले. अखेर १७५६ च्या ऑक्टोबरात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि त्याच्या बदल्यात बाणकोट व दहा गावे इंग्रजांकडे राहिली.

'केंट' बंगालमध्ये

आपल्याकडील पुस्तकांत ही हकीकत बहुधा येथे संपते. जहाजाची मात्र संपत नाही. विजयदुर्गाहून 'केंट' मद्रासकडे गेले. १७५६ च्या जूनमध्ये सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतल्याची बातमी आली आणि ऑक्टोबरात वॉटसन व क्लाइव्ह हीच जोडी बंगालकडे निघाली. विजयदुर्गाला दोघांची एकत्र कामाची रंगीत तालीम झाली होती, असेच म्हणावे लागेल.

डिसेंबरच्या अखेरीस हुगळी नदीवरील बजबज किल्ल्यासमोर एक गमतीचा प्रकार घडला. दुसऱ्या दिवशी हल्ला करावयाचे ठरले होते. रात्री 'केंट'वरचा स्ट्रॅहन नावाचा एक साधा खलाशी दारूच्या नशेत एकटाच तटाच्या खिंडारातून आत घुसला आणि किल्ला माझा म्हणून ओरडू लागला. त्याच्या आरोळ्या ऐकून बाकीचे धावले आणि किल्ला खरोखरच हाती आला. शिस्तभंगाबद्दल ॲडमिरलने त्याची कानउघाडणी केली. बाहेर पडताना हा गडी म्हणाला म्हणे, या कामाबद्दल मला फटके बसणार असतील तर पुन्हा आयुष्यात मी एकटा किल्ला घेणार नाही!

२ जानेवारी १७५७ रोजी कलकत्ता परत घेतले. २३ मार्च रोजी 'केंट' व 'टायगर' चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यासमोर उभी राहिली. येथे तटावर फ्रेंच गोलंदाज होते. विजयदुर्गासारखे स्वस्तात काम झाले नाही. किल्ला पडला, पण 'केंट'चे शरीर गोळ्यांनी चाळणी झाले. कप्तान स्पीक आणि त्याचा जहाजावरच शिकाऊ असलेला सोळा वर्षांचा मुलगा एकाच गोळ्याने जखमी झाले. मुलगा पुढे त्या जखमेने वारला. चंद्रनगर पडल्याने बंगालमधून फ्रेंचांचा पाय निघाला, आणि बरोबर तीन महिन्यांनी, २३ जून १७५७ रोजी, प्लासी झाली. वॉटसन त्याच वर्षी १६ ऑगस्टला कलकत्त्यास तापाने मरण पावला. 'केंट' पुन्हा लढण्याजोगे राहिले नाही. १७५८ पासून फ्रेंचांशी समुद्रात ज्या लढाया झाल्या त्यांत 'टायगर', 'कंबरलंड', 'सॅलिसबरी' ही नावे भेटतात, 'केंट' भेटत नाही. १७६० पर्यंत त्याचा नुसता सांगाडा कामाला लावलेला होता. चौदा वर्षांचे आयुष्य, एवढेच.

तारखा शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे अर्थ स्पष्ट होतो. विजयदुर्ग १३ फेब्रुवारी १७५६, प्लासी २३ जून १७५७. मध्ये सोळा महिने आणि दहा दिवस. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकणारे एकमेव हिंदी आरमार आधी गेले, मग बंगाल गेला. तुळाजीचे आरमार असते तर प्लासी झाली नसती, असे कोणी म्हणू नये. फ्रेंचांशी युद्ध, नबाबाच्या दरबारातील फितुरी अशी अनेक कारणे तेथे होती. पण मुंबई निर्धास्त झाल्यामुळे इंग्रजांना आपले बळ हवे तिकडे नेता येऊ लागले, हे निर्विवाद आहे.

दोष कोणाचा?

यावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, पेशव्यांनी स्वतःच्या हातांनी मराठ्यांचे आरमार बुडविले. दुसरे म्हणते, तुळाजी बंडखोर होता, त्याला शासन होणे योग्यच होते. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. तुळाजीला आवरण्याचा पेशव्यांचा हक्क मान्य केला तरी चूक साधनाच्या निवडीत झाली. आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्यावर वेगळे प्रकरण लिहिले आणि टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपियनांबद्दल, इतर सावकारांहून वेगळी सावधगिरी सांगितली. हे अमात्य आपल्याच शेजारच्या गगनबावड्याचे. त्यांचा सल्ला चाळीस वर्षांत विसरला गेला. शरीराचे एखादे अंग दुखत असेल तर त्यावर औषध करावयाचे असते. शेजाऱ्याच्या कुऱ्हाडीने ते तोडून घ्यावयाचे नसते.

पण तुळाजीचीही चूक होतीच. जहाजे बंदरात एकमेकांना बांधून ठेवणे आणि शत्रूला तोंडाशी येऊ देणे हे आंग्र्यांच्या जुन्या युद्धरीतीच्या उलट होते. शिवाय इंग्रजांची जहाजे वर्षागणिक मोठी होत असता आपल्या गुराबा मोठ्या करण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. गोदीत अर्धवट राहिलेली जहाजे हीच त्याची साक्ष.

आरमार मात्र त्या दिवशी कायमचे संपले असे नाही. पेशव्यांनी विजयदुर्गासच नवे आरमार उभे केले आणि धुळप घराण्याकडे ते सोपविले. ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांच्या आरमाराने कंपनीचे 'रेंजर' हे बारा तोफांचे लढाऊ जहाज चार-साडेचार तासांच्या झुंजीनंतर पाडाव करून विजयदुर्गास आणले. या जहाजावरचे इंग्रज सेनाधिकारी बिदनूरला, म्हणजे शिवमोग्गा जिल्ह्यातील आजच्या नगर गावाकडे, टिपूविरुद्ध लढणाऱ्या आपल्या फौजेत दाखल होण्यास निघाले होते. त्यांतील कर्नल हंबरस्टन जखमी होऊन ३० एप्रिलला विजयदुर्गास मरण पावला आणि त्याच सुमारास बिदनूर टिपूच्या हाती गेले. सालबाईचा तह आधीच झालेला असल्यामुळे जहाज व कैदी पुढे परत द्यावे लागले. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगावेसे वाटते की किनाऱ्यावर पकडलेल्या एका 'हडगु'चा धागा मलनाडातल्या किल्ल्यापर्यंत असा पोचतो.

ओकाच्या 'केंट'चे आज काही शिल्लक नाही. मुंबईच्या वाडियांनी मलबारी सागवानात बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज मात्र इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात आजही तरंगते आहे. लाकूड आपले, कारागीर आपले, निशाण मात्र दुसऱ्याचे. स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या ठाण्याला 'आंग्रे' हे नाव दिले, हा त्या जुन्या हिशेबातला जमेचा आकडा म्हणावा लागेल.

आपल्या महाविद्यालयाच्या सहली बदामी-विजापूरकडे किंवा गोव्याकडे जातात. एखाद्या वर्षी ती फोंडाघाट उतरून विजयदुर्गाला न्यावी, अशी प्राध्यापकांना विनंती आहे. दुपारी खारे वारे सुटण्याच्या वेळी पश्चिमेच्या तटावर उभे राहावे आणि खाडीच्या मुखाकडे पाहावे. दोन रांगा कोठून आत आल्या असतील आणि बांधून ठेवलेल्या जहाजांना बाहेर पडणे का शक्य झाले नाही, हे तेथे कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नाही.